बाराची तुमची, विसाची माझी

तात्या, तुमची बंदूक मी जमा करून आले. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला की हत्यार घरात ठेवायचं नाही, ठाण्यात द्यायचं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. विलास म्हणत होता, सुतक फिटू दे, मग जाऊ. मी म्हटलं, तात्यांनी उभ्या आयुष्यात त्या बंदुकीच्या कागदात चूक होऊ दिली नाही, आता ते नाहीत म्हणून मी होऊ देणार नाही. सासूबाईंनी जुन्या सतरंजीची शिवलेली ती गवसणी, आत तुमची दुनळी, वर काडतुसांचा डबा, असं सगळं मांडीवर घेऊन मी पिकअपमध्ये पुढे बसले. निवडणूक आली की आपण ती अशीच ठाण्यात जमा करायला न्यायचो आणि तुम्ही वाटेत भेटेल त्याला सांगायचात, बंदूक माहेरी चालली. या वेळी तिला आणायला कोणी जाणार नव्हतं.

ठाण्यात हवालदारांनी डबा उघडला आणि ते हसले. तुमच्या प्रत्येक काडतुसाला मधोमध एक रबर गुंडाळलेलं होतं. कोथिंबिरीच्या जुडीला असतं तसलं, साधं. म्हातारबाबांनी हे काय केलंय, असं त्यांनी विचारलं. विलासने सांगितलं, तात्यांना रबरं जमवायची सवय होती, खिळ्याला अडकवून ठेवायचे. हवालदारांनी एकेक रबर काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि काडतुसं लिहून घेतली. मी ती रबरं पर्समध्ये टाकली. खरं सांगते, मला तेव्हा तुमचा रागच आला. शेवटच्या महिन्यांत माझ्याशी नीट बोलायला तुम्हाला वेळ नव्हता आणि हे असले उद्योग करायला होता.

तुमचा जन्म, तुमची ग्रामपंचायत, तुमचं दानशूरपण हे सगळं राजाभाऊजींनी फ्लेक्सवर छापलंय. चांदवडच्या चौकात लावलाय. फोटो त्यांच्या लग्नातला, फेटा बांधलेला. त्यात तुम्ही निवडणुकीला उभे असल्यासारखे दिसता. त्याखाली तुमच्या धाकट्या मुलाचं नाव तुमच्यापेक्षा मोठ्या अक्षरात आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग त्याला घरात बोलावून झापलं असतं. तेव्हा त्यातलं काही मी इथे लिहीत नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, मला ते पुरं करायचंय.

सुरुवात तुम्हीच केली होती. सासूबाई गेल्या त्या वर्षीची खंडेनवमी आठवा. कोयते, पहारी, पंपाचे पाने, सगळं धुऊन पाटावर मांडलं, मधे तुमची बंदूक. दरवर्षी सासूबाई तिला हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि मागे सरकायच्या. घरातल्या बायकांनी बंदुकीची पूजा करायची, पण तिला उचलायचं नाही, असा आपल्याकडचा रिवाज. त्या वर्षी कुंकू माझ्या हातात आलं. मी बोट लावलं आणि तुम्हाला विचारलं की कुंकू मी लावायचं आणि बार तुम्ही काढायचा, हे ठरवलं कुणी. राजाभाऊजी चपापले. तुम्ही मात्र माळ काढून बाजूला ठेवलीत आणि बंदूक सरळ माझ्या हातात दिलीत.

"धर," म्हणालात. "जड हाय. पडली तर पायाचं बोट जाईल, रिवाजाला काय व्हायचं नाय."

नाशिकला इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली मी. नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून पहिलं वर्षभर तुम्ही माझ्याकडे बघून नुसते खाकरायचात. तो माणूस मला मळ्याच्या बांधावर उभं करून शिकवायला लागला की बंदुकीचा लाकडी दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट दाबायचा, गाल टेकवायचा, श्वास सोडायचा आणि मगच चाप ओढायचा. रानडुकरांना हाकलायचं तर बार आभाळात काढायचा. तुमच्या बंदुकीने आयुष्यात एकाही जनावराला छर्रा लावला नाही, आणि याचा तुम्हाला लोकांच्या शिकारीच्या गप्पांपेक्षा जास्त अभिमान होता. शिकले मी. पण ती बंदूक तुमच्या हाताच्या मापाची, तुम्ही ताडमाड उंच. तिचा दस्ता माझ्या खळगीत कधी बसलाच नाही. प्रत्येक बाराला खांदा काळानिळा व्हायचा. विलास रविवारी नाशिकहून यायचा आणि तो डाग बघून म्हणायचा, बापाने मारलं का? मी म्हणायचे, हो, आणि वर मलाच परत उभं केलं.

परवाना माझ्या नावावर काढायचा हट्टही तुमचाच. विलासची नोकरी सातपूरला, लेकीचं, पूजाचं कॉलेज तिकडे, म्हणून त्यांचं बिऱ्हाड इंदिरानगरला. मळ्यावर तुम्ही आणि मी. तुम्ही म्हणालात, माझ्यामागं मका राखायचा तर बंदूक तुझ्या नावाची पाहिजे, माझी तुला हात लावता यायची नाय. कचेरीत साहेबांनी विचारलं की मिस्टरांच्या नावावर का नाही. मी सांगितलं, मिस्टर शहरात असतात आणि डुकरं बाई की पुरुष बघून येत नाहीत. तुम्ही बाहेर बाकावर बसून ऐकत होता. घरी येईपर्यंत ते वाक्य तुम्ही वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितलंत, आणि दर वेळी साहेबाचं तोंड थोडं जास्त पडलं.

परवाना आला. मग आपण नाशिकला हकीमभाईंच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. तुमच्या मनात माझ्यासाठी नवी बारा बोअरची होती, तुमच्यासारखीच. त्यांनी ती काढली. मी धरली, दस्ता परत तसाच काखेत अडकला. आणि मग मला कोपऱ्यातली ती दुसरी दिसली. जुनी, वीस बोअरची दुनळी. यातला आकडा उलटा चालतो हे मला तुमच्यामुळेच ठाऊक होतं. बाराची नळी मोठी, विसाची लहान. हकीमभाई म्हणाले, एका डॉक्टरीणबाईंची आहे, त्या मुलाकडे परदेशी गेल्या, जाताना ठेवून गेल्या. दस्ता त्यांनी आपल्या मापाने आखूड करून घेतला होता. मी ती उचलली आणि काही करावंच लागलं नाही. दस्ता खळगीत, गाल लाकडावर, डोळा नळीच्या रेषेत. एवढी वर्षं मी दुसऱ्याच्या चपला घालून चालत होते आणि कुणीतरी माझ्या मापाच्या समोर ठेवल्या, असं वाटलं.

तुम्ही ती हातात घेतलीत. बघितली नाहीत, नुसती चाचपलीत. आणि म्हणालात, ही खेळण्यातली.

मग तुमची कारणं सुरू झाली. विसाचं काडतूस मिळतं कुठं? हकीमभाईंना कबूल करावं लागलं की मागवावं लागतं, कधी येतं, कधी महिनोनमहिने येत नाही. बाराचं काय, कुठल्याही दुकानात. जुनी चीज, पुढे कोणी घेणार नाही. बायकी आहे. आपण काही न घेता निघालो. पिंपळगावचा टोलनाका आला. मग खरं कारण सांगतो असं म्हणून तुम्ही घोटीकडच्या तुमच्या मावसभावाची गोष्ट सांगितलीत. भात राखायला गेलेला माणूस. घरात बाराची आणि विसाची दोन्ही. गडबडीत त्याने बाराच्या नळीत विसाचं काडतूस घातलं. ते लहान, आत घसरलं आणि पुढे जाऊन अडकलं. बार निघाला नाही म्हणून त्याने मागून बाराचं घातलं आणि चाप ओढला. नळी फुटली. हात गेला.

"एका घरात दोन मापाची काडतुसं नकोत," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, डबे वेगळे ठेवू, कपाटं वेगळी ठेवू. काडतुसं लहानमोठी दिसतात की. "आपण काय आंधळे आहोत का, तात्या?"

तुम्ही गप्प झालात. मला वाटलं, मुद्दा पटला. मग वडाळीभोईच्या पुढे आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात की मी असेपर्यंत माझी बाराची घरातून हलायची नाय. मी म्हटलं, नका हलवू, पण माझ्या खांद्याला काय येईल ते मी ठरवणार. हे मी आजही म्हणते. तुम्ही आता नाही आहात म्हणून माझा मुद्दा बदलत नाही.

त्यानंतर आपण बंदुकीबद्दल सरळ बोललोच नाही. कांद्याच्या आडून बोललो. कांद्याच्या चाळीत बसून तुम्ही गोल्टी, तो बारका कांदा, वेगळी करायचात, कांदा उचलायचा, बोटांनी फिरवायचा, टाकायचा. मान वर करून बघायचासुद्धा नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मी आणि पूजा मागे लागलो की तुमचं ठरलेलं उत्तर. डोळ्याला काय इचारायचं, हाताला कळतंय. मी म्हणायचे, हो ना, हाताला सगळं कळतं, फक्त सुनेच्या खांद्याचं कळत नाही. तुम्ही एक सडका कांदा माझ्या बाजूला फेकायचात. एकदा मधेच तुम्ही अंगठा आणि बोट जुळवून विचारलंत, विसाच्या काडतुसाचं बूड केवढं असतं गं, एवढं का? मला वाटलं, परत खेळण्यातली म्हणून चिडवायची तयारी चाललीय. मी उत्तर दिलं नाही. उठून चहा टाकायला गेले.

आणि मग त्या सकाळी तुम्ही चाळीच्या दाराशी बसलात ते बसलातच. भांडण तिथेच राहिलं. एवढं जिद्दीचं भांडण मधेच टाकून जाणं तुम्हाला शोभलं नाही, तात्या.

तुम्ही गेल्यावर सगळ्यांना माझी फार काळजी वाटायला लागली. मळ्यावर एकटी बाई कशी राहणार? राजाभाऊजींनी जमीन वाट्याने द्यायला माणूससुद्धा बघून ठेवला होता. वहिनी, तुम्ही इंदिरानगरला चला, लिफ्ट आहे, शेजार आहे, पूजाला आईच्या हातचं जेवण मिळेल. आणि बंदुकीचं खूळ आता पुरे. एकात एक सगळं गुंतलेलं होतं. मी बंदूक घेतली तर मळ्यावर राहणार, नाही घेतली तर आज ना उद्या माझं सामान टेम्पोत चढणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. परवान्यावर बंदूक घ्यायची मुदतही संपत आली होती. त्यांना नुसती वाट बघायची होती.

दशक्रियेला आपण रामकुंडावर होतो. मी आपण म्हणते, कारण त्या दिवशी तुम्ही नव्हता असं मला कोणी सांगू नये. पिंड ठेवला. कावळे होते, कठड्यावर ओळीने बसलेले. शेजारच्या पिंडाला झडप घातली, पलीकडच्याला घातली. आपल्या पिंडाकडे एकही वळेना. मग सुरू झालं. विलासने हात जोडून सांगितलं, जमीन विकणार नाही. काही नाही. पूजाने सांगितलं, आबा, मी शिक्षण सोडणार नाही. काही नाही. शेवटी राजाभाऊजी पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, तात्या, वहिनी बंदूक घेणार नाहीत, त्या नाशिकला येतील, तुम्ही निवांत राहा. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, वहिनी, हात जोडा, तात्यांचा जीव त्यात अडकलाय.

सगळे माझ्याकडे बघत होते. आत्याबाई रडत होत्या. गुरुजी घड्याळ बघत होते. हात जोडले असते तर दोन मिनिटांचं काम होतं. पण तात्या, तुमच्याशी मी आयुष्यात कधी खोटं बोलले नाही, तुमच्या पिंडासमोर सुरुवात करणार नव्हते. मी पुढे गेले आणि म्हटलं, "तात्या, मी मळ्यावरच राहणार. आणि विसाचीच घेणार. पटत नसेल तर नका शिवू."

तुम्ही शिवला नाहीत.

सगळ्यांनी वाट बघितली. एक कावळा उतरला, चालत चालत पिंडापर्यंत आला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि उडून गेला. इतका तुमच्यासारखा होता की त्या तसल्या वेळी मला हसू फुटलं आणि आत्याबाईंनी मला चिमटा काढला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि मोकळे झाले. सुनेने सासऱ्याचा आत्मा अडवला, हे चांदवडला आपल्याआधी पोचलं होतं. म्हणू देत. आपल्या दोघांतलं कोणी हटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मला मान्य आहे.

चार दिवसांनी विलास माझ्याजवळ येऊन बसला. त्याने मधला मार्ग काढला होता. तात्यांचीच बंदूक तू तुझ्या नावावर करून घे, मी आणि राजा सही देतो. काडतुसं कुठेही मिळतात, पैसे पडत नाहीत, आणि तात्यांची आठवण राहील. चांगल्या मनाने बोलत होता. तुमचा मुलगा चांगला आहे, त्याला फक्त कुणाशी भांडायला आवडत नाही, ते कुणाकडून आलं देव जाणे. मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, कारण विचार करायला काही नव्हतंच. तुमची आठवण खांद्यावर निळी करून वागवायची मला गरज नाही. ती बंदूक तुमच्या मापाची होती. तुम्ही होता तोवर ती शोभली.

विलास म्हणाला, पण तात्या नको म्हणाले होते ना?

मी म्हटलं, हो. आणि मी हवी म्हणाले होते. दोन्ही त्यांना माहीत होतं.

तो उठला आणि पिकअपची किल्ली घेऊन आला.

हकीमभाईंनी तुमच्याबद्दल ऐकलं होतं. खुर्ची दिली, पाणी दिलं, मग विसाची बाहेर काढली. पण माणूस सरळ आहे. विकायच्या आधी त्यांनी तुमचीच गोष्ट परत सांगितली. ताई, घरी बाराचं एकही काडतूस शिल्लक नाही ना, नीट बघा, कपड्यांच्या खिशात, ट्रंकेत. मी म्हटलं, सगळी ठाण्यात दिली. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी ड्रॉवरमधून दोन रिकामी काडतुसं काढली आणि मला डोळे मिटायला सांगितलं. एकेक हातात दिलं. सांगा, बाराचं कुठलं?

माझ्या बोटांना कांद्याने आणि खुरप्याने भेगा पडल्यात. क्षणभर मला सांगता आलं नाही. मी डोळे मिटून तशीच उभी राहिले, दोन्ही मुठी बंद, आणि माझी बोटं आपोआप काडतुसाच्या मधोमध काहीतरी शोधायला लागली. तेव्हा मला कळलं, तात्या. तेव्हा.

"आमच्या घरी बाराच्या काडतुसाला रबर लावतात," मी म्हटलं.

हकीमभाईंना काही समजलं नाही. मी खुर्चीवर बसले आणि रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी नाही, रामकुंडावर नाही, तिथे, त्या दुकानात, तेलाच्या वासात. विलास घाबरून पाणी आणायला धावला.

ती रबरं माझ्यासाठी नव्हती. मला दिसतं. ती तुमच्यासाठी होती. बंडीच्या खिशात हात घातला की रबर लागलं तर आपलं, नाही लागलं तर वंदनाचं, म्हणजे माझं, ते घालायचं नाही. रबर काढल्याशिवाय काडतूस नळीत जात नाही, म्हणजे चुकायची सोय नाही. टोलनाक्यापासून भांडत होता, मला खेळण्यातली म्हणून चिडवत होता, आणि इकडे चाळीत बसून विसाची घरात यायची तयारी करत होता. बूड केवढं असतं, हेसुद्धा त्यासाठीच विचारलं होतंत.

एक वाक्य होतं, तात्या. मला दिसत नाही गं. एवढं म्हणाला असता तर मी विसाचा विषय त्या दिवशी सोडला असता, आयुष्यभर खांदा दुखवून घेतला असता आणि एक शब्द बोलले नसते. तुम्हाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तुम्ही ते म्हणाला नाहीत. मला हरवायचं ते एकच हुकमाचं पान तुमच्या हातात होतं आणि ते तुम्ही शेवटपर्यंत खाली टाकलं नाहीत. तुमच्या डोळ्यांवर मला दया यावी, त्यापेक्षा मी तुमच्याशी भांडत राहावं, हे तुम्हाला चाललं. मला तुमचा याबद्दल राग आहे. आणि मी तुमची किती ऋणी आहे हे सांगायला मला शब्द सापडत नाहीत, तेव्हा राग आहे एवढंच राहू दे.

बंदूक घेतली. विलासने ती स्वतः गाडीपर्यंत आणली. तुमची बाराची हकीमभाईंकडे विकायला देण्याची परवानगी मागितलीय. एका घरात दोन मापं नकोत, हा तुमचा नियम मी पाळणार आहे, कारण तो बरोबर आहे. तुमचं सगळंच चूक होतं असं मी कधी म्हटलं नव्हतं. राजाभाऊजींनी अजून फोन उचललेला नाही. वाट्याने करायला येणार होता त्या माणसाला मी मळ्याच्या गेटवरूनच चहा पाजून परत पाठवला. गवसणी तेवढी मी ठाण्यातून मागून घेतली, ती सासूबाईंची आहे. विसाची तिच्यात घातली तर टोकाला वीतभर कापड रिकामं राहतं. ते मी कापणार नाही.

मका दाण्यावर आलाय. काल दिवेलागणीला ओढ्याच्या बाजूने डुकरांचा कळप येताना दिसला. मी बांधावर उभी राहिले, तुम्ही मला पहिल्यांदा उभं केलं होतं तिथेच. दस्ता खळगीत दाबला, गाल टेकवला, श्वास सोडला आणि आभाळात बार काढला. कळप ओढ्यापलीकडे गेला. आवाज तुमच्या बारापेक्षा लहान आहे, मान्य. पण डुकरांनी तक्रार केली नाही.

खांदा दुखला नाही, तात्या. आता बोला.